पासली वगळून सारं जग

ज्या माणसाने उभी नोकरी लोकांना नोटिसा बजावण्यात घालवली, त्याला म्हातारपणी स्वतःलाच नोटीस यावी आणि तीही मोबाईलवर, हे काही बरं झालं नाही. बरं, नोटिशीला काही रीतभात असते. वर जावक क्रमांक असतो, खाली सही असते, सहीखाली शिक्का असतो आणि शिक्का नीट उमटला नसेल तर त्यावरून महिनाभर भांडता येतं. गंगाधरराव वाळिंब्यांना आलेल्या नोटिशीवर यातलं काहीच नव्हतं. तुमच्या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं गाणं आढळल्यामुळे त्याचा आवाज बंद करण्यात आला आहे, एवढंच. कुणाला आढळलं, तर म्हणे यंत्राला.

गंगाधरराव भोरचे, निवृत्त तलाठी. तलाठ्याला गावोगाव 'भाऊसाहेब' म्हणायची आपल्याकडे रीत आहे. इतरांचं भाऊसाहेबपण निवृत्तीच्या नारळाबरोबर संपतं. यांचं संपलं नाही, कारण यांनी ते संपू दिलं नाही. मुलीने, चैत्रालीने, पुण्याहून मोबाईल ठेवायची एक तिपाई पाठवली आणि गंगाधररावांनी 'भाऊसाहेबांची भटकंती' नावाने व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. सुरुवातीचे व्हिडिओ किल्ल्यांवरचे होते. त्यांत इतिहास कमी आणि तटाच्या आतली जमीन नेमकी कोणत्या गटात येते याची चर्चा जास्त. ते बघणारी माणसं दोन, त्यातल्या एक त्यांच्या पत्नी शुभाताई, आणि त्यांनाही ते स्वयंपाक करता करता बघावे लागत.

मग मागच्या मार्गशीर्षात वेल्ह्याकडच्या पासली गावचा व्हिडिओ झाला. तिथे रतनबाईच्या खळ्यावर भात झोडायचं काम चाललं होतं. तिच्या नवऱ्याने, सोनबाने, ट्रॅक्टरवरच्या कर्ण्यातून एक गाणं मोठ्याने लावलं होतं. 'काळाकभिन्न' नावाच्या बँडचं 'फोड कातळ'. वीस वर्षांपूर्वी हे गाणं गॅदरिंग, मिरवणूक, वरात, कुठेही वाजायचं. रॉक या प्रकाराबद्दल गंगाधररावांचं मत असं होतं, की पायावर वरवंटा पडलेला माणूस जे बोलेल त्याला ताल लावला की रॉक होतो. पण त्या दिवशी रतनबाई आणि तिच्या तीन जावा गाण्याच्या ठेक्यावर पेंढ्या फळीवर आपटत होत्या, दर वेळी 'फोड' आलं की चौघींच्या पेंढ्या एकदम खाली येत होत्या आणि शेवटी रतनबाई अशी काही हसली, की गंगाधररावांनी तटबंदी, गट आणि पोटहिस्सा सगळं विसरून नुसता मोबाईल धरून ठेवला.

तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. किकवीच्या चहाच्या टपरीवर एका अनोळखी माणसाने गंगाधररावांकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. नोकरीत असताना हे रोजचं होतं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच घडलं, त्यामुळे त्याचं मोल वेगळं. मोबाईल भरला म्हणून त्यांनी मूळ चित्रण पुसूनही टाकलं. वर सुरक्षित आहे, मग खाली कशाला हवं, असा हिशेब. वर यंत्र बसलेलं आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

नोटीस आली ती ऐन दिवाळीत. पाडव्यालाच रतनबाईचा फोन आला. तिची मुलगी सुलक्षणा तिकडे अंकलेश्वरला दिलेली, नुकतीच बाळंत झालेली, म्हणून दिवाळीला माहेरी आली नव्हती. बाळ रडायला लागलं की ती हा व्हिडिओ लावायची. आजीचं हसणं आलं की पोर गप्प. फोनवरून आजी बोलून बघे, गाऊन बघे. पण पोराला फोनवरची आजी नको होती, झोडणारी हवी होती.

"भाऊसाहेब," रतनबाई म्हणाली, "लेक म्हन्ती, आये, तुजं त्वांड हलतंय पन आवाज न्हाई. माजा आवाज कुनी नेला वो?"

गंगाधररावांनी आयुष्यात पुष्कळ तक्रारी ऐकल्या होत्या. बांध नेला, विहीर नेली, एकदा तर रस्ता नेल्याचीही तक्रार होती. बाईचा आवाज नेल्याची ही पहिलीच. त्यांना खरोखर वाईट वाटलं आणि वाईट वाटलं की माणूस जे करू नये ते करतो, तसं त्यांनी वचन दिलं. पौष पुनवेच्या जत्रेच्या आत तुमचा आवाज परत आणतो, नाही आणला तर मला भाऊसाहेब म्हणू नका. मग रतनबाई म्हणाली, "बरं." त्या 'बरं'मध्ये ती अट तिने मान्य केल्यासारखं होतं, हे गंगाधररावांच्या फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

आता भोरमध्ये एखाद्याला अडचण आली आणि ती आळीला कळली नाही असं होत नाही. शुभाताईंनी ती दळण टाकायला जाता जाता कळवली. शेजारचे सावळाराम, एस.टी.चे निवृत्त कंट्रोलर, लगेच चप्पल घालून आले. त्यांचं म्हणणं, गाण्याचा वेग थोडा वाढवला की यंत्राला ते ओळखता येत नाही. त्यांच्या भाच्याने लग्नाच्या व्हिडिओला असंच केलं होतं. वरचं मुकं चित्र उतरवून, त्यावर गाणं नव्याने चढवून तसं केलं. चौघी बायका अशा काही वेगाने झोडायला लागल्या, की पाठीमागे वाघ लागला असावा. यंत्राने गाणं तर ओळखलंच, वर दुसरी नोटीस दिली. आणखी एकदा असं झालं तर अख्खी भटकंती कायमची बंद, किल्ल्यांसकट.

कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याने सुचवलं, की खाली 'सर्व श्रेय मूळ मालकांना' असं लिहून टाका, सगळे तेच करतात. हे मात्र गंगाधररावांना सहन झालं नाही. दुसऱ्याच्या उसात म्हैस सोडायची आणि बांधावर 'हा ऊस अमक्याचा आहे' अशी पाटी लावायची, याला कुठल्या कायद्यात परवानगी म्हणतात, असं त्यांनी विचारलं. शुभाताईंनी मुक्या चित्रावर गाण्याऐवजी भूपाळी लावून पाहिली. पण झोडणं तेच राहिलं, त्यामुळे बायका गाणाऱ्यालाच चोप देताहेत असं दिसू लागलं. ते कुठे न टाकता पुसलं.

मग गंगाधररावांना आपला धंदा आठवला. गाणं म्हणजे शेवटी काय, मिळकत. मिळकतीचा मालक सापडत नसेल तर काय करतात? जाहीर नोटीस देतात. शुभाताई म्हणाल्या, की गाण्याच्या मालकासाठी पेपरात नोटीस दिलेली कुणी ऐकली नाही. गंगाधरराव म्हणाले, की म्हणूनच मालक सापडत नाहीत.

पुढच्या गुरुवारी भोरच्या साप्ताहिकात, एका बिनशेती प्लॉटच्या नोटिशीखाली, ही नोटीस आली: 'फोड कातळ' या गाण्यात कुणाचा हक्क, हितसंबंध, गहाण, दान, वहिवाट अथवा अन्य बोजा असल्यास त्यांनी कागदपत्रांसह पंधरा दिवसांत खालील पत्त्यावर हरकत घ्यावी, मुदतीत न आल्यास कुणाचा काही हक्क नाही असे समजले जाईल. नमुन्यात चतुःसीमा लिहायची जागा होती आणि नमुना अर्धवट सोडणं गंगाधररावांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी गाणं तीनदा ऐकून चतुःसीमा भरल्या: पूर्वेस गिटार, पश्चिमेस आरडाओरड, दक्षिणेस ढोल, उत्तरेस पुन्हा गिटार.

भोर आता ते पान कापून एकमेकांना दाखवू लागलं. बाजारात भाजी घेताना मागून कुणीतरी "दक्षिणेस ढोल" म्हणे. गंगाधरराव वळून बघत नसत; पण घरी येऊन पिशवी जरा जोरात ठेवत.

हरकती मात्र आल्या. किकवीचा एक गृहस्थ आला. त्याच्या वरातीत हे गाणं वाजलं होतं आणि पुढे बायको माहेरी निघून गेली, तर भरपाई कुणाकडे मागायची, हा त्याचा प्रश्न. नसरापूरच्या एका ब्रास बँडने लेखी कळवलं, की आम्ही हे गाणं अखंड व विनाअडथळा वाजवत असल्याने आमची त्यावर वहिवाट लागलेली आहे. एका वृद्ध शेतकऱ्याने गाणं कुठलं हे न विचारता हरकत नोंदवली. नोटीस दिसली की आमच्या घरात हरकत घेतात, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. गंगाधररावांनी प्रत्येकाला चहा दिला आणि प्रत्येक हरकत फाईलला लावली.

आणि मुदत संपायला आली तेव्हा, दारात एक पोट सुटलेला, टक्कल पडलेला माणूस उभा राहिला. नसरापूरला त्याचं सिमेंट-पत्र्याचं दुकान होतं. त्याने ते कात्रण पुढे केलं आणि जरा अवघडून म्हणाला, "दक्षिणेचा ढोल माझा आहे."

तो अमृत. 'काळाकभिन्न'चा ड्रमवाला. गंगाधररावांनी विजयी मुद्रेने स्वयंपाकघराकडे पाहिलं. शुभाताईंनी आधण ठेवलं आणि चहात आलं घातलं; तेवढी कबुली गंगाधररावांना पुरली.

अमृतने सांगितलं ते गंगाधररावांना चटकन कळलं, कारण ते जुनंच होतं. गाण्याला मालक दोन तऱ्हेचे. शब्द आणि चाल ज्यांनी केली ते एक, आणि ध्वनिमुद्रण ज्याने केलं तो दुसरा. म्हणजे जमीन एकाची आणि तिच्यावरचं घर दुसऱ्याचं. जमीन तिघांची, सामाईक: अमृत, गाणारा प्रद्युम्न आणि गिटारवाला कुमार. घर मुंबईच्या एका कंपनीचं. कंपनीला तेव्हा जमीनही हवी होती, कागद तयार होता. पण त्यावर नावं कोणत्या क्रमाने यावीत यावरून प्रद्युम्न आणि कुमार यांची अशी जुंपली, की सह्या झाल्याच नाहीत आणि बँडही मोडला. तेव्हापासून तिघं एकमेकांशी बोलत नव्हते. या भांडणामुळेच जमीन वाचली, हे ऐकून गंगाधररावांचा भाऊबंदकीवरचा विश्वास दृढ झाला.

तरी आधी घरमालकाला विचारणं रीतसर होतं. कंपनीत शेफाली नावाची एक तरुण अधिकारी होती. तिने फोनवर विचारलं, परवाना कोणत्या प्रदेशासाठी हवा. गंगाधरराव म्हणाले, मौजे पासली, तालुका वेल्हे. ती म्हणाली, इंटरनेटवर टाकायचं तर सारं जग घ्यावं लागतं, त्याहून लहान तुकडा मिळत नाही. जगाचं मला काय करायचंय, असं गंगाधररावांनी विचारलं, तेव्हा फोन कटला. मग ते स्वतः मुंबईला गेले, कोर्ट-फी स्टँप लावलेला अर्ज आणि पासलीच्या इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं नाही, ही शिकवण. पिशवी खाली पहारेकऱ्याने ठेवून घेतली. वर शेफालीने अर्ज उलटा-सुलटा करून पाहिला, स्टँपवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, की कंपनी एकट्या-दुकट्या माणसाला परवाने देत नाही. ती वाईट नव्हती, घाईत होती.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही एखादं भजन का नाही लावत?"

परतीच्या एस.टी.त गंगाधरराव खंडाळ्यापर्यंत अर्जाची घडी घालत आणि उलगडत बसले. आजोबा म्हणाली याचं दुःख नव्हतं. ते आजोबा होण्याच्या वयाचे होतेच. पण भजन? रतनबाईने कातळ फोडायचा म्हणून पेंढी उचलली होती, टाळ वाजवायला नाही. आणि आपण 'बरं' म्हणून उठून आलो, हे त्यांना फार लागलं.

घरी अमृत वाट पाहत होता. त्यानेच वाट सांगितली. घर मिळत नसेल तर नको. जमीन आपली आहे. तिघांची संमती असेल तर नवं घर बांधता येतं. म्हणजे तेच गाणं पुन्हा वाजवायचं, नव्याने मुद्रित करायचं, कंपनीचा संबंधच नाही. फक्त तिघं एका जागी यायला हवेत आणि ते या जन्मी शक्य नाही, असं तो म्हणाला.

गंगाधररावांना हसू आलं. तीन सहहिस्सेदार, अबोला, सही. हे तर त्यांचं रोजचं काम होतं. वाटपाच्या सह्या त्यांनी कधी कचेरीत घेतल्या नाहीत. कचेरीत माणसाला आपला हक्क आठवतो. ते भावांना शेतावर बोलवत, उन्हात बांधाबांधाने फिरवत, भूक लागू देत आणि मग एका पंक्तीला बसवत. उपाशी माणूस भांडतो, जेवलेला झोपतो. सही घ्यायची ती दोन्हींच्या मधे.

मार्गशीर्षात रतनबाईची झोडणी पुन्हा सुरू झाली, तसं तिघांना पासलीला बोलावलं. प्रद्युम्न पुण्याहून आला. तो आता विम्याचं काम करत होता आणि त्याच्या बोलण्यात प्रत्येक वाक्यागणिक मृत्यू यायचा. कुमार कॉलेजात शिकवायचा. तो आला आणि प्रद्युम्नला पाहून पुन्हा गाडीत जाऊन बसला. अमृतचे ड्रम घेऊन येणारा टेम्पो वेल्ह्याच्या पुढच्या चढावर बंद पडला आणि ढोल आहेत तिथेच राहिले. गंगाधररावांनी ठरल्याप्रमाणे सगळ्यांना बांधावरून फिरवायला सुरुवात केली. दुसऱ्याच बांधावर त्यांचा स्वतःचा पाय घसरला आणि ते हातातल्या पिशवीसकट, नव्या धोतरासकट, पाटाच्या चिखलात बसले. काढायला एकीकडून प्रद्युम्न धावला, दुसरीकडून गाडीतून उतरून कुमार. भाऊसाहेब जड होते. दोघं एकमेकांशी बोलल्याशिवाय ते निघेनात.

"तू खांदा धर, मी पाय ओढतो," असं कुमार म्हणाला. अबोला सुटला तो या वाक्यावर.

पंगतीला नव्या भाताचा वाफाळता ढीग, कुळथाचं पिठलं आणि ठेचा होता. प्रद्युम्नने दुसऱ्यांदा भात मागितला त्या क्षणी गंगाधररावांनी चिखलाने माखलेल्या पिशवीतून संमतीपत्र काढलं. सगळे सही करायला तयार झाले. पण नावं कोणत्या क्रमाने, हे विचारायचं प्रद्युम्न आणि कुमार दोघांनाही राहवलं नाही. घास हातात थांबले. वीस वर्षांचं भांडण पुन्हा पानावर येऊन बसलं.

रतनबाई वाढत होती. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आमच्यात फळीवं हुबं ऱ्हायचं तं जी दमलीय ती पैली बसती. नावाचंबी तसंच करा. जो आदी दमंल त्येचं नाव खाली."

तेव्हा आधी काम, मग नावं, असं ठरलं. आणि काम सुरू करायच्या वेळी लाईट गेली. कुमारची गिटार विजेवर चालणारी. सोनबाने ट्रॅक्टर खळ्याला आणला, बॅटरीवरून देवळाचा कर्णा लावला आणि गिटार कर्ण्याला जोडली. ड्रम नव्हतेच. अमृत हात चोळत उभा होता; रतनबाईने त्याच्या हातात पेंढी दिली. मग चौघी बायका आणि एक सिमेंटवाला फळीपुढे उभे राहिले. शुभाताईंनी तिपाई रोवली, आणि गंगाधरराव, धोतर वाळत असल्यामुळे सोनबाच्या चादरीत गुंडाळलेले, म्हणाले, "करा सुरू."

पहिल्या खेपेला सगळे वेगवेगळ्या गावाला गेले. दुसऱ्यांदा बैल बिथरला. तिसऱ्यांदा मात्र गिटार कर्ण्यातून अशी किंचाळली, की समोरच्या डोंगरावरून परत आली. 'फोड' आलं आणि पाच पेंढ्या एकदम फळीवर पडल्या, दाणे उडाले, आणि विम्याच्या प्रद्युम्नच्या गळ्यातून वीस वर्षं कोंडलेला आवाज बाहेर पडला. पायावर वरवंटा पडल्याबद्दलचं आपलं मत गंगाधररावांनी तिथल्या तिथे मागे घेतलं. शेवटी रतनबाई हसली. तेच हसणं, पण या वर्षीचं.

दमले तिघंही. एकाच वेळी, भाताच्या ढिगावर. रतनबाई आणि जावा अजून फळीपुढे उभ्याच होत्या. पहिलं नाव कुणाचं, याचं उत्तर उघडच होतं, आणि तिघांनी मिळून ते वर लिहिलं: रतनबाई. खाली तिच्या तीन जावा, आणि मग जागा उरेल तशा यांच्या सह्या.

जत्रेच्या दिवशी सकाळी व्हिडिओ वर गेला आणि यंत्राने पुन्हा हटकलं; आवाज रोखून आधी खुलासा मागितला. चाल तीच ना. या वेळी गंगाधरराव घाबरले नाहीत. त्यांनी संमतीपत्र, जाहीर नोटीस, आलेल्या सर्व हरकती आणि त्यांवरचा सविस्तर निर्णय, अगदी वहिवाटीच्या दाव्यासह, पाठवून दिलं. पलीकडे यंत्र होतं की माणूस कोण जाणे. एवढी कागदपत्रं वाचण्यापेक्षा आवाज सोडणं त्याला सोपं वाटलं असावं. पालखी देवळात पोचायच्या आत आवाज सुटला. थोड्या वेळाने सुलक्षणाने व्हिडिओ कॉल केला. तिने मोबाईल बाळासमोर धरला होता. पोर हातपाय झाडत होतं आणि मागून नव्या व्हिडिओतली आजी हसत होती. इकडे रतनबाईने डोळ्यांना पदर लावला आणि मग सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊसाहेबानं आनला."

गंगाधररावांनी चष्मा पुसला. धूळ फार असते जत्रेत.

माघात शेफाली पासलीला आली. कंपनीच्या मूळ मुद्रणापेक्षा पासलीचं मुद्रण जास्त वाजत होतं, ते जाहिरातीला हवं होतं. येताना तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. पहारेकऱ्याने तो तांदूळ घरी नेला होता आणि परत कधी येणार आहेत ते आजोबा, असं तो रोज विचारतो, हे तिने सांगितलं. गंगाधररावांनी तिला आधी जेवायला बसवलं. मग खोकून, चष्मा वर सरकवून, तिच्याच आवाजात विचारलं, परवाना कोणत्या प्रदेशासाठी हवा?

"सारं जग," ती हसून म्हणाली.

गंगाधररावांनी सगळ्या सहहिस्सेदारांकडे पाहिलं. मग कागदावर आपल्या हाताने एक ओळ वाढवली: सारं जग, मौजे पासली वगळून. शेफालीने असं कलम आजवर पाहिलं नव्हतं, पण पिठलं चांगलं झालं होतं आणि तिने मान्य केलं.

रतनबाईने त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलं. गंगाधररावांनी सांगितलं, की जगात कुठंही हे वाजवायचं तर आता तुम्हाला विचारावं लागेल.

"आन हितं?"

"इथं कुणालाच विचारायचं नाही."

रतनबाईने सही केली, पेन शेफालीच्या हातात दिलं आणि सोनबाला कर्णा लावायला सांगितलं.